सैल दोराचे मानकरी

आधीच सांगतो, माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घाची मला अजून भीती वाटते आणि मोठे शब्द लिहायला गेलो की हात अडखळतो. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. लहान मुलांना वाचून दाखवणार असाल तर चुका तिथल्या तिथे दुरुस्त करा. गोष्ट मात्र मी नीट सांगायचा प्रयत्न केला आहे. सांगताना मला मध्येच राग येतो, त्याचीही माफी असावी.

तर ही फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव विचारलंत तर मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही.

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाच्या वर डोंगराचा उघडा कातळ होता, छपरासारखा उतरता. त्या उतारावर, बरोबर मध्यावर, एक दगड होता. दगड म्हणजे केवढा? दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात एवढा लांबरुंद आणि उंचीला माणसाच्या छातीइतका.

दगडाला एक दोरखंड बांधलेला होता. दोरखंडाचं दुसरं टोक उताराच्या वरच्या बाजूला चार माणसांच्या हातात होतं. ती चार माणसं दगड धरून उभी होती.

का? तर दगड घसरून गावावर येऊ नये म्हणून.

कधीपासून? तर पणजोबांपासून.

त्याचं असं झालं होतं. पणजोबांच्या काळात राजाला हत्तीखान्यासाठी एक अखंड उंबरा हवा होता. वरच्या खाणीत हा दगड काढला आणि उतारावर आणून ठेवला. पण कातळ खरबरीत, दगड जागचा हलेना. मग लोकांनी उतारावर चिकणमातीचा ओला गारा पसरला. आता दगड निसटू लागला. तो भलत्याच वेगाने सुटू नये म्हणून चाळीस जणांनी मागून दोर धरला. अर्ध्या वाटेत दुपार झाली. मुकादम म्हणाला, "चौघं जण दोर धरा, बाकीचे भाकरी खाऊन घ्या."

भाकरी खाऊन होते न होते तोच राजधानीहून स्वार आला. राजाने हत्ती विकून टाकले होते. उंबरा नको होता. लोकांनी हात धुतले आणि घरी गेले.

त्या चौघांना "सोडा" असं कुणी सांगितलंच नाही.

चाळीस जणांचं काम चौघांना कसं झेपलं, हा प्रश्न त्या दिवशीही कुणाला पडला नाही. ऊन कडक होतं, गारा जेवणं होईपर्यंत वाळून खडखडीत झाला होता. पुढे पावसाने तो धुऊनही नेला. पण संध्याकाळी त्या चौघांच्या जागी दुसरे चौघं आले, सकाळी तिसरे. मग पाळ्या लागल्या. चार चार घरांचे गट पडले आणि कोणत्या घराने कोणाबरोबर उभं राहायचं ते कायमचं ठरून गेलं.

माणसांना एखाद्या गोष्टीची सवय लागायला वेळ लागत नाही आणि सवयीचा मान व्हायलाही वेळ लागत नाही. दोर धरणाऱ्याला दोरकरी म्हणू लागले. पंगतीत पहिलं वाढप दोरकऱ्याला. नियम झाले: दोर हातात असताना हसायचं नाही, शिंकायचं नाही, दगडाकडे पाठ करायची नाही. उभं राहून राहून कातळावर चार जोड पायांचे खळगे पडले. दोरकरी खळग्यात पाय रोवून दात आवळत, मानेच्या शिरा फुगवत आणि "हुं... हुं..." असा आवाज काढत. जो मोठ्याने हुंकारे तो थोर दोरकरी.

आणि ज्या घराची पाळी चुकेल त्या घराने गाव सोडायचं, असाही नियम होता.

दगडाच्या सावलीत, अगदी त्याच्या खालच्या अंगाला, गावच्या शेळ्या दुपारभर बसून रवंथ करत. शेळ्यांना कुणी विचारलं नाही.

या गावात एक बाई होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. घरात ती आणि म्हातारा सासरा, दोघंच. ती अंबाडीच्या वाखाचे दोर वळायची. विहिरीचा दोर असो, गुरांचं दावं असो नाहीतर दगडाचा दोरखंड, गावातला सगळा दोर तिच्या हातचा.

घरात पुरुष एकच, म्हणून दोर धरायची पाळी सासऱ्यावर. चाळीस वर्षं तो तिसऱ्या खळग्यात उभा राहत आला होता. पण आता त्याला दम्याने गाठलं होतं. पायरी चढला तरी छाती भात्यासारखी व्हायची. वैद्याने नाडी पाहिली आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, आता उन्हाळा तोंडावर आहे. याने अजून एक दिवस त्या कातळावर काढला, तर हा स्वतःच्या पायांनी खाली येणार नाही."

पाळी तिसऱ्या दिवशी होती.

"मामंजी, तुमच्या जागी मी उभी राहते," सून म्हणाली.

"बाईचा हात दोराला लागत नाही," सासरा म्हणाला.

"दोर वळतं कोण?"

"वळणं वेगळं, धरणं वेगळं. डोकं नको खाऊस, सूनबाई. मला धाप लागते."

सून पुन्हा वाख घेऊन बसली. तिच्यासमोर दोन जुने दोर पडले होते. एक विहिरीचा, एक दगडाचा. दोन्ही तिने गेल्या वर्षी एकाच आठवड्यात वळले होते आणि दोन्ही वर्षभर वापरून तिच्याकडे परत आले होते. ती कितीतरी वर्षं हे दोर सोडवून त्यांचा वाख गाद्यांत भरायला देत होती. तिने त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. विहिरीचा दोर मध्ये बारीक झाला होता, त्याचा पीळ गेला होता आणि तो हातभर लांबला होता. दगडाचा दोर बारा हात दिला होता, बारा हातच परत आला होता. पीळ जसाच्या तसा. फक्त चार ठिकाणी तळव्यांच्या घामाने काळा पडला होता.

तिने तो पुन्हा मोजला. पुन्हा बाराच भरला.

"अरे देवा," ती मोठ्याने म्हणाली आणि दोन्ही दोर खांद्यावर टाकून तडक चावडीवर गेली.

चावडीवर पाटील आणि चार थोर मंडळी सुपारी कातरत बसली होती.

"पाटीलकाका, तो दगड दोरावर नाहीच," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"हा दोर म्हणतो." तिने दोन्ही दोर पुढे टाकले. "हा विहिरीचा. याने रोज एक घागर उचलली, तर वर्षात हातभर ताणला. हा दगडाचा. एवढा डोंगर उचलतो म्हणता, तर बोटभरही वाढला नाही. दोराला ओझं लागलं की दोर सांगतोच. याला काही लागलेलंच नाही."

पाटलांनी दोर उलटसुलट करून पाहिले. थोर मंडळींनीही पाहिले. मग पाटील समाधानाने म्हणाले, "बघा आपले दोरकरी किती ताकदीचे! दोराला ताण पडूच देत नाहीत."

मला लिहितानाही कपाळावर हात मारावासा वाटतो. तिने मारला.

पण तिने हार मानली नाही. ती घरी गेली ती पाटा आणायला. मसाला वाटायचा हातभर लांबीचा पाटा, त्याच डोंगराच्या कातळाचा. तो डोक्यावर घेऊन आली आणि चावडीच्या ओट्यावर ठेवला. त्यावर त्याच कातळाचा एक चपटा खडा ठेवला. मग ती पाट्याचं एक टोक हळूहळू उचलू लागली.

एक बोट उचललं, खडा बसलेला. चार बोटं, बसलेला. आठ बोटं, बसलेला.

"कुणी धरलाय का याला?" तिने विचारलं.

"नाही."

"दोर दिसतो का?"

"दिसत नाही."

बारा बोटांवर टोक गेलं, तेव्हा खडा सर्रकन घसरून पाटलांच्या पायाशी पडला.

"काका, उतारावर वजनाचे दोन वाटे होतात," ती म्हणाली. "एक वाटा दगडाला कातळावर दाबतो. दुसरा त्याला खाली ढकलतो. दाबातून पकड येते. दगड जेवढा ढकलतो तेवढाच कातळ त्याला अडवतो, म्हणून तो ना खाली येतो ना वर जातो. उतार वाढवला की ढकल वाढते, दाब कमी होतो. मग एक वेळ येते, पकड पुरत नाही आणि दगड सुटतो. हा खडा बाराव्या बोटाला सुटला."

"तो खडा आहे," एक आजोबा म्हणाले. "आपला दगड केवढा! मोठा दगड लवकर सुटणार."

तिने चावडीमागे पडलेली फुटक्या जात्याची जड तळी उचलून आणली. तीही त्याच कातळाची. ती पाट्यावर ठेवली. या वेळी टोक उचलायला दोघांना हात लावावा लागला. तळीही बाराव्या बोटालाच घसरली.

"मोठ्याची ढकल मोठी, तसा दाबही मोठा," ती म्हणाली. "दोन्ही बरोबरीने वाढतात."

मग ती सगळ्यांना घेऊन डोंगरावर गेली. हातभर फळी घेतली, तिच्यावर पाण्याची वाटी ठेवून ती समतल धरली आणि फळीच्या उताराकडच्या टोकापासून कातळापर्यंत बोटं मोजली. सहा भरली. पाटलांनी स्वतः मोजली, सहाच भरली. पाटलांची बोटं जाड होती, तरी सहाच.

"कातळाचा उतार हाताला सहा बोटं. दगड सुटायला हवी बारा," सून म्हणाली. "निम्माच उतार आहे, काका. परवा माझ्या सासऱ्यांना वर नका नेऊ. ते मरतील, आणि कशासाठी तर काहीच न धरण्यासाठी."

पाटलांनी बोटं पुन्हा एकदा मोजली. "म्हणजे तो बसतो म्हणतेस. आपला आपण."

"बसतो."

"मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो?"

वारा सुटला होता. वर खळग्यात उभे असलेले चौघं दोरकरी, इतके लोक आले म्हणून, जास्तच जोरात "हुं... हुं..." करत होते.

शेवटी सगळ्यात म्हातारे आजोबा म्हणाले, "असं आहे पाटील. आपण इतकी वर्षं दोर धरला, म्हणून दगडाला बसायची सवय लागली."

"सवय?" सून म्हणाली. "दगडाला?"

"हो, सवय," आजोबा म्हणाले. आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. कारण मग कुणीच मूर्ख ठरत नव्हतं.

ठरलं असं: परवा दुपारी, सुनेच्या सासऱ्याच्या गटाची पाळी असताना, दोर सोडून बघायचा. पण पणजोबांपासून धरलेला दोर असा उठून सोडायचा म्हणजे दगडाचा अपमान. तेव्हा आधी दगडाची क्षमा मागायची. घराघरातून तांब्याभर तेल आणायचं आणि दगडाला तेलाने न्हाऊ घालायचं.

"तेल नको," सून म्हणाली.

"का गं? देवाच्या दगडाला आपण तेल घालत नाही?"

"देवाचा दगड सपाट चौथऱ्यावर असतो. हा उतारावर आहे. वरून ओतलेलं तेल दगडाच्या मागच्या अंगाने उतरणार आणि त्याच्या पोटाखाली शिरणार. आजच्या सगळ्या मोजणीत पकड कोरडी होती. तेल शिरलं तर ती पकड राहणार नाही. बारा बोटांचं सहा व्हायला वेळ लागणार नाही."

"एवढंसं तेल काय करणार?"

"पणजोबांनी नुसता गारा घातला होता, तर चाळीस माणसं लागली होती!"

"तू आता घरी जा," पाटील म्हणाले. "तुझं एक म्हणणं ऐकलं, तर लगेच दुसरं."

"मग निदान एक करा. तेल घालणार असाल तर दोर सोडू नका. चौघं नको, चाळीस जण धरा."

पाटील उभे राहिले. त्यांनी सगळ्या मंडळींकडे पाहिलं. "ऐकलंत? सकाळपासून दोर सोडा, दोर सोडा म्हणून जीव खाल्ला. आता म्हणते, दोर धरा! बाईच्या बोलण्याला बूड नाही."

मंडळी हसली. ती हसली नाही. ती खाली आली आणि घरोघर फिरली. पुरुषांशी बोलून उपयोग नव्हता, म्हणून बायकांशी बोलली. तिने त्यांच्याकडे काही समजून घेण्याची मागणी केली नाही. फक्त चुलीतली राख मागितली. म्हणाली, "तुम्ही तेल देताच आहात, राखही द्या." बायकांना यात काही वावगं दिसलं नाही. भांडं तेलकट झालं तर राखेने घासतात, हे त्यांना माहीत होतं.

पाळीचा दिवस उजाडला. सासरा दोन माणसांच्या आधाराने वर चढला. चार वेळा बसला. पहिल्या खळग्यात कुंभार, दुसऱ्यात सुतार, तिसऱ्यात तो, चौथ्यात पाटलांचा धाकटा भाऊ. कुंभार आणि पाटलांचा भाऊ सासऱ्याबरोबर जुने होते, सुतार आपल्या वडिलांच्या जागी आला होता. सून राखेच्या पाट्या घेऊन, बायकांसह, उताराच्या कडेला उभी होती. कमरेला वाख कापायचा विळा.

पाटलांनी हात जोडले. मग तेल सुरू झालं. साठ घरं, साठ तांबे. दगड काळाभोर चमकू लागला. लोक म्हणाले, "काय रूप आलंय!" तेल वरच्या अंगाने ओघळत गेलं, दगड आणि कातळाच्या फटीत जमा झालं आणि दिसेनासं झालं.

सगळ्यात आधी शेळ्या उठल्या. एक उठली, मग सगळ्या उठल्या आणि बाजूला झाल्या.

मग दगडाखालून जातं फिरवल्यासारखा आवाज आला. दगड दोन बोटं सरकला. थांबला. हातभर सरकला. आणि दोरखंड, जो पणजोबांपासून दर वर्षी नवा येऊनही कातळावर लोळत आला होता, तो उचलला गेला, सरळ झाला आणि टणकन वाजला.

चौघंही खळग्यांतून उपटले गेले.

"ओढ!" सासरा ओरडला. "अरे, ओढ लागली!"

तो आवाज घाबरलेल्या माणसाचा नव्हता. चकित झालेल्या माणसाचा होता. घसरता घसरता, धापा टाकत, तो म्हणत होता, "ही ओढ? अशी असते ओढ? मग चाळीस वर्षं माझ्या हातात काय होतं?"

"तुमच्याही हाताला लागत नव्हती?" पुढून कुंभार ओरडला.

"कधीच नाही! मला वाटायचं तुम्ही तिघं ओढता. मी एकटाच चोर."

"अहो, मला तसंच वाटायचं! म्हणून तर मी एवढ्याने हुंकारायचो!"

"माझ्या बापाने मरताना सांगितलं होतं," सुतार म्हणाला, "की बाबा, मी आयुष्यभर फसवलं, तू तरी नीट ओढ."

"बोलणं मागाहून करा!" सून ओरडली. "दोर सोडा! चौघांच्याने तो थांबायचा नाही, सोडा आणि बाजूला व्हा!"

कुंभाराने सोडला. सुताराने सोडला. पाटलांच्या भावाने तर कधीच सोडला होता. सासऱ्याने सोडला नाही. दगड त्याला उतारावरून ओढत नेऊ लागला.

"मामंजी, सोडा!"

"सुटत नाही गं पोरी! बोटं सुटत नाहीत!"

चाळीस वर्षं आवळलेली बोटं ती. त्यांना उघडायचं ठाऊकच नव्हतं.

बायकांनी दगडाच्या वाटेत राख ओतायला सुरुवात केली होती. सुनेने आपली पाटी शेजारणीकडे फेकली, कातळावरून धावत गेली आणि विळ्याने दोरखंड कापला. तिने स्वतः वळलेला दोर होता, पीळ पक्का होता, तीन घाव लागले. तिसऱ्या घावाला दोर तुटला आणि सासरा जागीच लोळत राहिला.

दगड एकटाच खाली निघाला. दहा हात, वीस हात, पार उताराच्या तळापर्यंत. त्याच्या पुढच्या कडेखाली राखेचे ढीग आले. राखेने तेल प्यायलं. आवाज बदलला, गुळगुळीतचा खरखरीत झाला. दगड आणखी थोडा सरकला, पहिल्या घराच्या परसाच्या कुडाला त्याने नुसतं टेकल्यासारखं केलं आणि तो थांबला.

त्याला आता कुणी धरलं नव्हतं. त्याच्या गळ्यात दोराचा एक तुकडा लोंबत होता.

मग पाटील म्हणाले, आणि हे मी मनाचं घालत नाही, ते खरंच म्हणाले, "बघितलंत? दोर सुटला आणि दगड खाली आला!"

सुनेने विळा कातळावर आपटला.

बोलला तो सासरा. त्याचे गुडघे सोलले होते, दोराचं टोक अजून मुठीत होतं. तो कातळावर बसूनच बोलला, एकेका शब्दाला धाप टाकत. "पाटील, दगड हलला तो तुमच्या तेलाने. थांबला तो या बायकांच्या राखेने. दोराने आज काही केलं नाही आणि कालही काही करत नव्हता. मला माहीत आहे. मी चाळीस वर्षं तिथेच होतो."

पाटलांनीही तरुणपणी वीस वर्षं पाळी केली होती. मग ते अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात म्हणाले, "ज्यांच्या हाताला कधीच ओढ लागली नाही, त्यांनी हात वर करा."

कुंभाराचा हात वर गेला. सुताराचा गेला. मग एकेक करत गावातल्या सगळ्या पुरुषांचे. त्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांचाही. शेवटी पाटलांनी स्वतःचा हात वर केला आणि दुसऱ्या हाताने पदराने पुसावं तसं उपरण्याने तोंड पुसलं.

त्या दिवसापासून गावात दोर धरणं बंद झालं. दगड कुडाशी आहे तिथेच बसला. दोरकऱ्यांचा मान मात्र गेला नाही. पंगतीत पहिलं वाढप अजून त्यांच्याच घरांना होतं, त्यावरून भांडणंही होतात. मान सोडणं दोर सोडण्याहून अवघड, दुसरं काय?

सासरा त्यानंतर तीन वर्षं जगला, सावलीत बसून. त्याची बोटं पूर्ण सरळ कधीच झाली नाहीत. सून त्याला भाकरी मोडून द्यायची. फुकट गेलेल्या उन्हाळ्यांबद्दल तो चकार शब्द काढत नसे. त्याला संताप यायचा तो एकाच गोष्टीचा. दुसऱ्या खळग्यात सुताराचा बाप बावीस वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. दोघं एका ताटात जेवत. तो सुनेला म्हणत राही, "सूनबाई, तो माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. स्वतःला चोर समजत मेला. मीही तसाच होतो, एवढंच त्याला सांगायला हवं होतं. किती शब्द लागले असते? दोन? तीन?"

सून भाकरीचा पुढचा तुकडा मोडून त्याच्या हातात ठेवत असे.

तर वाचणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी यातून घ्यावं ते एवढंच: आपल्या हाताला ओढ लागत नसेल तर ते शेजाऱ्याला मोकळेपणाने सांगावं, कारण लाजेने गप्प राहिलेली चार माणसं सगळ्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या नसलेलं ओझं वाहायला लावतात.

ही गोष्ट लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा गोदामात कामाला गेलो. आमचे मुकादम रोज सकाळी कामाची वाटणी भराभर सांगतात आणि शेवटी विचारतात, "कळलं ना सगळ्यांना?" आम्ही अकरा जण मान डोलावतो. त्या सकाळी मी म्हणालो, "मला नाही कळलं." माझे कान गरम झाले. मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बाकीचे दहाही जण पुढे सरकून ऐकत होते.